तहाची म्हैस

रिकाम्या चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज टणक असतो. मग तळ भरतो, फेस चढतो, आणि आवाज मऊ होत होत आत बुडून जातो. भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते. कार्य उरकल्यावर संध्याकाळी पोरांनी हौसेनं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस उभी, खाली उकिडवा बसलेला माणूस, शेजारी गिऱ्हाइकांची रांग. कुणीतरी माझ्या हातात पेला दिला. पेला कोमट होता. सरकीचा, ओल्या दाव्याचा, म्हशीच्या अंगाचा तो वास नाकात गेला आणि मी पेला तसाच धरून राहिले.

"नासलंय का, आजी?" पोरांतल्या एकानं विचारलं.

"नाही रे. थोडं निवू दे."

धारोष्ण दूध कुणी निववून पीत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

याच कट्ट्यावर आमची आत्ती बसायची. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. बाईमाणूस कट्ट्यावर बसून धार काढतं, याचं परगावच्या लोकांना नवल वाटायचं. गावाला वाटत नसे, कारण आत्तीला गावानं तसंच पाहिलं होतं. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि पेठेच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. आमच्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात, तशीच तीही म्हणायची. तिच्या तोंडी ते जास्तच शोभायचं. लग्न होऊन गडमुडशिंगीला गेलेली, नवरा लवकर गेला, तेव्हा कडेवरचा संभा आणि एक म्हैस घेऊन ती कोल्हापुरात परत आली. दादा तेव्हा शाळेत होते. आईबाप नसलेल्या दादांना याच दुधावर तिनं मॅट्रिक केलं, मास्तर केलं. आम्ही एकाच बोळात राहायचो. आमच्या घरात सकाळ व्हायची ती तिच्या हाकेनं, "पोरी, भांडं आन गं!"

संभा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तालमीतली तांबडी माती त्याच्या कानामागं कायम असायची. त्याची शीळ मात्र सगळ्या पेठेला ठाऊक होती. दोन बोटं न लावता, नुसत्या ओठांनी, खालून वर चढत जाणारी. रंकाळ्यात डुंबणाऱ्या पन्नास म्हशींतून त्याच्या दोन म्हशी ती शीळ ऐकून माना वळवायच्या आणि पाणी कापत काठाला यायच्या. त्यातली मोरणी तर एवढी लाडावलेली की संभा शीळ घालायचा तेव्हाच पान्हा सोडायची. शीळ नाही, तर दूध नाही.

सत्तेचाळीसच्या आधी कधीतरी तो पलटणीत गेला. का गेला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या भागातली पोरं जायचीच. आठवतं ते एवढंच की तो गेल्यावर मोरणी अडून बसली, धार देईना. आत्तीनं गोंजारलं, पेंड दाखवली, शिव्या दिल्या. शेवटी ती ओठ मुडपून शीळ घालायला शिकली. पहिले काही दिवस नुसती हवा निघायची. मी गोठ्याच्या दारात हसून लोळायचे. मग एका सकाळी खरी शीळ निघाली, थोडी फाटकी, पण चढणारी. मोरणीनं कान टवकारले. चरवीत धार वाजली. आत्तीनं मान म्हशीच्या कुशीला टेकवली आणि बराच वेळ वर केली नाही.

पुढं कट्ट्यावरही ती तशीच शीळ घालू लागली. माणसं हसायची. "काय आत्ती, या वयात!" ती म्हणायची, "म्हशीला कळतंय ते तुला कळंना व्हय? घे दूध आन् चालू लाग."

ते अठ्ठेचाळीस साल होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला गावानं घरं जळताना पाहिली होती, आणि त्यानंतर माणसं एकमेकांशी जरा जपून बोलत. काश्मिरात लढाई चालू होती आणि संभाची पलटण तिकडं गेली होती. तालमीजवळच्या हॉटेलात रेडिओ होता. बातम्यांच्या वेळी आत्ती चरवी खाली ठेवून बाहेर उभी राहायची. तिला त्यातलं काही कळायचं नाही, गावांची नावं तर अजिबात नाही. ती फक्त सांगणाऱ्याच्या आवाजावरून ताडायची. "आज बरा बोलला," म्हणायची, आणि घरी यायची.

दादा मास्तर होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते वगांसाठी. पक्षाचं कलापथक त्यांचं. वग लिहायचे, गाणी रचायचे, पेटी वाजवायचे. पक्षाचं नाव आता सांगण्यात अर्थ नाही, पुढं त्याची इतकी शकलं झाली की कुठल्या शकलाला ते नाव द्यावं हेच कळत नाही. पण त्या काळी दादांच्या गाण्यात धार होती. सरकार पक्षाचे पुढारी, त्यांच्या टोप्या, त्यांची सुतासारखी सरळ भाषणं, दादा सगळ्यांची रेवडी उडवायचे. सभेआधी अर्धा तास दादांचं कलापथक असलं की मैदान भरायचं. पेट्रोमॅक्सचा फुसफुसाट, रॉकेलचा वास, ढोलकीवर शाई चढवताना येणारा तो आंबूस वास, आणि मग पाचशे माणसांचं एकदम उसळलेलं हसू. त्या हसण्यासारखं दुसरं काही मी आयुष्यात ऐकलं नाही. आत्ती प्रत्येक वगाला पुढं बसायची. विनोद कळो न कळो, सगळ्यात आधी हसायची. "माझा बाळू लिवतोय," शेजारणीला सांगायची.

पावसाळा सरता सरता लढाई थांबवायची भाषा सुरू झाली. सरकारनं भांडण जगाच्या पंचायतीत नेलं होतं. तह करा, असं सरकार पक्ष म्हणत होता. सगळा मुलूख परत घेतल्याशिवाय थांबणं म्हणजे शेपूट घालणं, असं दादांचा पक्ष म्हणत होता. गाव दुभंगलं. न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या ओट्यावर, खासबागेत कुस्ती बघतानासुद्धा माणसं त्यावरून हमरीतुमरीवर यायची. आमच्या घरात तो वाद संध्याकाळच्या दुधाबरोबर यायचा.

"आक्का, आता थांबलो तर अर्ध्यावर थांबलो," दादा म्हणायचे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा आवाज खरोखर कापायचा. "मग जी पोरं मेली ती कशासाठी मेली?"

"आनि जी जित्ती हायत ती?"

"एकट्या संभाचा प्रश्न नाही, आक्का."

"तुला नसंल. मला एकच हाय."

आत्ती माप ओतायची, वर थोडं जास्त घालायची, आणि जायची. भांडण झालं म्हणून दूध कमी घालणं तिला माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास सरकार पक्षाची बिंदू चौकात सभा झाली. सैनिकांच्या आयांचा सत्कार होता. कार्यकर्ते आत्तीला घ्यायला टांगा घेऊन आले. तिला खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. कुणीतरी म्हणालं, आत्ती, दोन शब्द बोला. मी समोर होते. ती उठली, हार काढून खुर्चीवर ठेवला, आणि कट्ट्यावर गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलली.

"काश्मीर कुटं हाय मला ठावं न्हाय. माझं पोरगं तितं हाय एवढं ठावं हाय. त्येला थंडी सोसत न्हाय. लई झालं. आता बास करा. तुमी करा न्हाईतर त्येनी करूंद्यात, पन बास करा."

एवढंच. चौकात टाळ्या पडल्या. पुढाऱ्यानं माईक ओढून घेतला आणि तिच्या बोलण्याचा अर्थ लोकांना समजावून सांगायला लागला. तो अर्थ आत्तीचा नव्हता. पण दुसऱ्या दिवशी गावभर तोच झाला. सरकार पक्षाच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, "वीरमाता म्हणते, बास करा." आणि खाली, दादांचं नाव न घेता, "मास्तरांच्या घरातलाच निकाल."

दादा तो फळा वाचून घरी आले. जेवले नाहीत. पेटी उघडून बसले. भाता एका हातानं हलवत होते, सूर धरत नव्हते.

दिवाळीच्या थोडं अलीकडं त्यांचा नवा वग लागला. नाव होतं 'तहाची म्हैस'. मी आणि आत्ती नेहमीसारख्या पुढं बसलो. आत्तीनं ओटीत भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या.

वग असा की एक गवळण असते. शेजारी तिच्या गोठ्यात घुसून आपली म्हैस बांधतो. गवळणीचे भाऊ काठ्या घेऊन धावतात, शेजाऱ्याला निम्म्या गोठ्याबाहेर रेटतात. तेवढ्यात गवळण मध्ये पडते. "बास करा!" मग पंच येतात. हद्द कुठं धरायची, असा प्रश्न पडतो. गवळण म्हणते, शेजाऱ्याची म्हैस जिथं बसली तिथं हद्द. म्हैस उठून पुढं बसते, हद्द पुढं येते. असं करता करता म्हैस गवळणीच्या चुलीपाशी येऊन बसते, आणि गवळण शेजाऱ्याला पाट मांडून वाढते. मध्ये मध्ये कोरस,

*बास करा गं, बास करा,*
*वैऱ्याला वाढा, घास करा,*
*उरला गोठा त्याच्या नावे,*
*आपण उन्हात वास करा.*

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, वग चांगला होता. दादांनी लिहिलेल्यांत सगळ्यात चांगला. आत्तीही पहिल्यांदा हसली. "म्हैस पुढं सरकली की गं!" म्हणून माझ्या मांडीवर चापट मारली.

मग गवळणीचं काम करणारा शाळेतला शिपाई पुढं आला. हिरवं लुगडं, काष्टा, कपाळावर काजळानं काढलेलं गोंदण. त्यानं चरवी मांडीत धरली, ओठ मुडपले, आणि शीळ घातली. फाटकी, खालून वर चढणारी.

मैदान हसून कोसळलं. माणसं वळून आत्तीकडं बघत होती, बोट दाखवत होती. पेटीमागं बसलेल्या दादांनी वर पाहिलं. त्यांना आत्ती दिसली. मी त्यांच्याकडंच बघत होते, मला नक्की माहीत आहे, त्यांना ती दिसली. त्यांची बोटं क्षणभर थांबली. मग कोरसची वेळ आली, आणि त्यांनी सूर दिला.

आत्ती उठली नाही. उठली असती तर बरं झालं असतं. ती शेवटपर्यंत बसून राहिली, ओटीतल्या शेंगा धरून. सगळं संपल्यावर लुगडं झटकलं, टरफल एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध घेऊन आली. हाक मारली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. दादा बाहेर आले.

"आक्का, ते तुझ्यावर नव्हतं गं. सरकारवर होतं."

"मग सरकारलाच लुगडं नेसवायचं हुतंस की," ती म्हणाली. "शीळ सरकार घालतं व्हय?"

तिनं माप ओतलं. त्या दिवशीही वर थोडं जास्त होतं.

पण शीळ गेली. पोरांनी ठेवलीच नाही. ती कट्ट्यावर आली की कोपऱ्यावरून शिट्ट्या सुरू व्हायच्या, आणि मागून "बास करा गं, बास करा". तालमीतल्या पोरांना, ज्यांना संभानं खांद्यावरून फिरवलं होतं, त्यांनासुद्धा ते गाणं तोंडपाठ झालं होतं. वाईट मनानं म्हणत नव्हती ती. गाणंच तसं होतं, तोंडात बसणारं. आत्ती शीळ घालेना, आणि मोरणी आटली. मग दुसरीच म्हैस घेऊन ती कट्ट्याला यायची.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तह झाला. गुऱ्हाळं सुरू होती, गावाबाहेरून काहिलीतल्या रसाचा वास येत होता. जिथं फौजा उभ्या होत्या तिथंच हद्द धरायची ठरली. दादांच्या पक्षाची माणसं घरी आली. "मास्तर, तुम्ही आधीच लिहून ठेवलंत! जिथं म्हैस बसली तिथं हद्द!" दादा हसले, पण त्यांना आनंद झालेला दिसला नाही. आपण लिहिलेलं खरं ठरू नये, असं त्यांना मनातून वाटत असावं. आणि कट्ट्यावर आत्तीनं त्या दिवशी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. येईल त्याला पेला भरून देत होती. शिट्ट्या घालणाऱ्या पोरांनाही दिला. "पी की. माझा संभा येनार आता."

संभा आला नाही. संक्रांत गेली, शिमगा जवळ आला. एका दुपारी पेठ वडगावचा एक जवान विचारत विचारत बोळात आला. संभाच्याच तुकडीतला, रजेवर आलेला. आत्तीनं त्याला घोंगडं अंथरलं, दूध दिलं. त्यानं पेला खाली ठेवला.

"तहाच्या थोडं आदी, आत्ती. टेकडीवर चौकी हुती. बर्फ पडत हुतं. संभा आन् आनि काहीजन वर गेलते. परत आलं न्हाईत."

"मग तुमी बगाय गेला न्हाईसा?"

"जानार हुतो. उजाडलं की जायाचं, मग बर्फ थांबलं की जायाचं, असं करत दीस गेलं. तेवढ्यात तह झाला. ती टेकडी पल्याडच्या अंगाला गेली. आता तिकडं पाऊल टाकायचं न्हाय, असा हुकूम हाय."

आत्तीनं हे एवढं शांतपणे ऐकलं की त्या पोराला वाटलं, तिला कळलं नाही. तो पुन्हा सांगू लागला. तिनं हात वर केला.

"कळलं, बाबा. दूध पी. निवतंय."

तिनं ज्याच्यासाठी हात जोडले होते तो तह झाला, आणि त्या तहानंच तिचं पोर पलीकडं ठेवलं. लढाई लांबली असती तर आणखी कुणाची पोरं गेली असती. आधी थांबली असती तर संभा आला असता. मी पुढं कितीतरी वर्षं हा हिशेब उलटासुलटा करून पाहिला. कुठूनही गेलं तरी त्या टेकडीपाशीच येते.

दादा त्या संध्याकाळी आत्तीच्या दारात बसून लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी पाहिलं आहे. तिथंच सगळं थांबलं असतं तर कदाचित पुढचं झालं नसतं.

आठवडाभरानं दादा पुन्हा तिच्याकडं गेले, पण एकटे नाहीत. बरोबर पक्षाचे चिटणीस होते आणि आणखी एकजण. मी तिथं भाकरी थापत होते, कारण आत्तीनं चूल पेटवणं सोडलं होतं. चिटणीस फार हळू आवाजात बोलत होते. तहाच्या निषेधाची सभा आहे, बिंदू चौकातच. आत्तींनी नुसतं व्यासपीठावर यावं. एका आईला तिच्या लेकराची मातीसुद्धा मिळू दिली नाही, हे जगाला कळू द्यावं.

आत्तीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती दादांकडं बघत होती.

"बाळू, तू सांगितलंस ह्यास्नी?"

दादा खाली बघत म्हणाले, "आक्का, तुझ्या बोलण्यानं फरक पडेल. संभा फुकट जायला नको."

"तवा मी बास करा म्हटलं, तर गावाला हसवलंस. आता मी लढा म्हनू व्हय? आनि मग कोन हसंल, ती मानसं ठरवून आलाईसा काय?"

तव्यावरची भाकरी जळाली, त्याचा वास सुटला.

"जावा आता," ती म्हणाली. "म्हशीची येळ झाली."

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. आईनं भांडं बाहेर ठेवलं होतं. ते दुपारपर्यंत तसंच होतं, मग आईनं आत घेतलं आणि धुतलं. रिकामंच होतं, तरी धुतलं.

ज्यांनी तिला हार घातला होता, ते सरकार पक्षवाले तर तहानंतर बोळात फिरकलेच नाहीत. त्या वसंतात संस्थान विलीन झालं. दरबारच्या शिपायांच्या पट्ट्यावरचे बिल्ले उतरले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, आणि गावाला हसायला नवे विषय मिळाले. 'तहाची म्हैस' दादांनी पुन्हा केली नाही. गावोगावची कलापथकं मात्र करत राहिली, पहिल्या निवडणुकीपर्यंत. कुरुंदवाडच्या एका सभेत मी ती पुन्हा पाहिली. गवळण शीळ घालत होती. ती कुणाची शीळ आहे, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्षी भाऊबीजेला दादा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आत्तीकडं गेले. मी मागोमाग गेले. दिवेलागण झाली होती. आत्ती अंगणात पाटासमोर उभी होती, हातात निरांजन. पाट रिकामा होता. तिनं मान वर केली आणि पश्चिमेकडच्या कोरभर चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती तसं करते. दादा फाटकाशी उभे होते. तिनं त्यांना पाहिलं की नाही, सांगता येत नाही. निरांजन आत गेलं, दार लागलं.

त्यानंतर दादा दरवर्षी जात राहिले. फाटकापर्यंत. लिहिणं सुटलं होतं. पक्षानं मागितलं की बसायचे, दोन ओळी करायचे आणि खोडायचे. एकदा म्हणाले, "कोरसला लोक हसतील की नाही, हे आधी दिसायचं मला. आता फक्त माणसं दिसतात." मी लग्न होऊन गेले. आले की दोन्ही घरांत जायचे. एका घरातली बातमी दुसऱ्या घरात कुणी विचारायचं नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. आत्तीला तेवढी उमेद राहिली नाही. पंचावन्न साल उजाडलं होतं, तिला दम लागायला लागला होता, म्हशी विकल्या होत्या. "बारा वरसं मी कुठली काढतो," म्हणाली. गडमुडशिंगीहून नवऱ्याच्या भावकीतला एक पुतण्या बोलावला. विधी मामानं केला तरी चालतो, असं भटजी म्हणाले, तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंचगंगेच्या घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला संभाचं नाव दिलं आणि अग्नी दिला. बायका घाटावर जात नाहीत. आत्ती गेली. मी तिचा दंड धरून होते.

दादा आले होते. त्यांना कुणी कळवलं ते मला माहीत नाही. वरच्या पायऱ्यांवर, देवळाच्या भिंतीला लागून उभे होते, टोपी हातात. केस पांढरे झाले होते. सगळा वेळ खाली आले नाहीत. पुतळा जळायला वेळ लागला नाही, पानंच ती.

आत्तीनं नदीत बुडी मारली आणि ओल्या लुगड्यानं पायऱ्या चढायला लागली. दर पायरीला थांबत होती. वाट अरुंद होती. दादा पुढं झाले. त्यांनी हात पुढं केला, तिला वर घ्यायला. आत्ती थांबली. तिनं वर बघितलं, नीट बघितलं, एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं. तिच्या आवाजात राग नव्हता. परगावच्या गिऱ्हाइकाशी बोलायची तोच आवाज होता.

"पावणं," ती म्हणाली, "जरा सरा. वाट सोडा."

दादा भिंतीला टेकले. आम्ही वर गेलो.